दिवस राहत नसतील तर पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी करा (बडोदे)

दांडियाबाजारची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा मात्र पहिलाच.

गेल्या महिन्यात चुलत नणंदेचा फोन आला. लग्नाला तीन वर्षं झाली, दोन वर्षं प्रयत्न चालू आहेत, दिवस राहत नाहीत. तिचं थायरॉइड तपासून झालं, साखर झाली, सोनोग्राफी चार वेळा झाली, आता दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. मी विचारलं, "आणि त्याचे रिपोर्ट?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्याचे कशाला? त्याला काही त्रास नाहीये."

अगदी हेच वाक्य मी २०१९ साली एका डॉक्टरांसमोर बोलले होते आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यात आमची अडीच वर्षं गेली. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न २०१६चं. मी अठ्ठावीसची, नवरा एकतीसचा, मकरपुऱ्याला एका कारखान्यात. २०१८पासून मूल हवं असं ठरवलं. वर्षभर वाट पाहिली आणि मग शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात नाव घातलं. माझी पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी यायची, सोनोग्राफीत पीसीओडी दिसलं, म्हणजे अंडाशयात बारीक पुटकुळ्या आणि अंडं वेळेवर न फुटणं. झालं, कारण सापडलं असं सगळ्यांनी धरून टाकलं, मीसुद्धा. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस अंडं तयार करणारी लेट्रोझोलची गोळी, नवव्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी (अंडं किती वाढलं ते पाहायची सोनोग्राफी), फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, अठरा-वीस मिलिमीटरचं झालं की अंडं फुटायचं इंजेक्शन, आणि "आता घरी प्रयत्न करा". असे नऊ महिने. मध्ये अंडं गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्यांचा एक्स-रे झाला, दोन्ही नळ्या मोकळ्या. मग लॉकडाऊन. मग पुन्हा त्याच गोळ्या. मग दुर्बिणीतून ओव्हरीवर छोटी छिद्रं पाडायचं ऑपरेशन. गोळ्यांनी अंडं दर महिन्याला तयार होत होतं, फुटतही होतं. मग अडतंय कुठे, हा प्रश्न त्या दवाखान्यात एकदाही निघाला नाही.

२०२१च्या दिवाळीनंतर दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझी फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं काहीतरी गंभीर सापडलं. त्या म्हणाल्या, "ह्यात सीमेन ॲनालिसिस, म्हणजे नवऱ्याची वीर्यतपासणी, कुठे आहे?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी फाइलकडे.

तपासणीचे सहाशे रुपये पडले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. एका मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू चाळीस लाख, त्यातले नीट पुढे सरकणारे दहा टक्क्यांच्या आत. दोन्ही आकडे फार कमी. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या.

नवरा दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मी भांडी घासत होते, तो पुसून मांडणीत लावत होता. हातातला डबा तसाच धरून म्हणाला, "तुझ्या पोटाला टाके माझ्यामुळे पडले." त्याची काय चूक? त्याला कुणी एका डबीत नमुना द्यायला सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो त्या दवाखान्यावर, आणि थोडा आपल्या सगळ्यांवर. दिवस राहत नाहीत म्हटलं की घरातली, शेजारची, देवळातली प्रत्येक नजर सुनेच्या पोटाकडे जाते. डॉक्टरांचीसुद्धा जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचं थोडक्यात. जानेवारी २०२२मध्ये त्याचं व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी आकडा नव्वद लाखांवर आला, चालही सुधारली, पण पुरेशी नाही. माझं वय तोवर चौतीस. इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने शुक्रजंतू अंड्यात सोडून गर्भ तयार करायचं ठरलं. पहिलं ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भाशयात सोडणं) फसलं, दुसरं लागलं. मुलगी नोव्हेंबर २०२३ची आहे.

ज्यांना विचारायचं आहे त्यांनी मोकळेपणी विचारा, अनुभव लिहा. दवाखान्यांची नावं मात्र धाग्यात नकोत.

---

पोळीभाजी

ताई, इतकं उघडपणे लिहिलंत, खरंच धन्यवाद. माझं वय २९, आठ महिने झाले प्रयत्न करून. सासरी रोज विषय निघतो. आत्ताच डॉक्टरांकडे जावं की थांबावं?

---

दांडियाबाजारची

@पोळीभाजी, आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिते. पस्तिशीच्या आत असाल आणि पाळी नियमित असेल तर एक वर्ष प्रयत्न करायला हरकत नाही. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच जायचं. पाळी फार अनियमित असेल, पूर्वी पोटाचं ऑपरेशन किंवा टीबी झाला असेल, पाळीत असह्य दुखत असेल, किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोशाचा काही त्रास झाला असेल तर वर्ष मोजत बसू नका, लगेच जा.

आणि एक. "चौदावा दिवस" हा सगळ्यांचा नसतो. अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. माझं चक्र चाळीस दिवसांचं, म्हणजे माझा दिवस सव्वीसाव्याच्या आसपास. मी वर्षभर चौदावा धरून बसले होते. फुटलेलं अंडं जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं, शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे त्या दिवसाच्या आधीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे. फोलिक ॲसिड आजपासूनच सुरू करा, रोज चारशे मायक्रोग्रॅम, डॉक्टरांना विचारून.

---

इन्क्युबेटर

धागाकर्तीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मी भ्रूणतज्ज्ञ आहे, म्हणजे आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) प्रयोगशाळेत अंडी आणि शुक्रजंतू ज्याच्या हाताखालून जातात तो. बारा वर्षं हे काम करतोय, त्यातली सात बडोद्यात. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीला. तरी आमच्याकडे बायकोची फाइल दोन बोटं जाड आणि नवऱ्याचा कागदच नाही, असं आठवड्यातून एकदा तरी दिसतं.

तपासणीबद्दल लोकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितो. आधीच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. सगळा नमुना डबीत यायला हवा. पहिल्या थेंबांतच शुक्रजंतू सगळ्यात जास्त असतात, तेच सांडले तर चांगल्या माणसाचा रिपोर्ट वाईट येतो. सांडलं तर लाजू नका, काउंटरवर सांगा. घरून आणणार असाल तर तासाभरात पोचवा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. उन्हाळ्यात बडोद्याला डिकी किती तापते ते सगळ्यांना माहीत आहे.

२०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: नमुना १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे फक्त ४ टक्के. हो, चारच. "९५ टक्के खराब" वाचून लोक रडत येतात, त्यांना हे आधी सांगावं लागतं. शिवाय ही पास-नापासाची रेषा नाही. आकडा खाली असून मूल झालेले आणि वर असून न झालेले दोन्ही पाहिलेत.

एका रिपोर्टवर निकाल लावू नका. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत टायफॉइड किंवा डेंगीचा ताप येऊन गेला असेल तर आज दिसतो तो त्या तापाचा हिशोब. तंबाखू, गुटखा सोडला तरी फरक तीन महिन्यांनीच दिसेल, आठ दिवसांत दिसणार नाही.

आता उपचारांबद्दल, कारण शब्दांचा फार घोळ होतो. आययूआय म्हणजे धुऊन निवडलेले शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडायचे. फलन तिथे शरीरातच होतं, म्हणून निदान एक नळी मोकळी हवी आणि धुतल्यावर हलणारे शुक्रजंतू काही लाख तरी उरायला हवेत. एका खेपेला यश दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं. तीन-चार खेपांत नाही झालं तर थांबून पुन्हा विचार करायचा. सात, आठ, दहा आययूआय करून आलेली जोडपी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण पैसे मिळवता येतात, पण पस्तिशी ओलांडल्यावर गेलेलं वर्ष परत येत नाही.

आयव्हीएफमध्ये अंडी बाहेर काढून फलन आमच्या डिशमध्ये होतं. शुक्रजंतू अगदी कमी असतील तर इक्सी, म्हणजे एक शुक्रजंतू निवडून सुईने अंड्यात सोडायचा. ही पद्धत १९९२ साली ब्रुसेल्सहून आली आणि पुरुषांच्या दोषावरचा उपचारच बदलून गेला. वीर्यात एकही शुक्रजंतू नसेल तरी काही वेळा थेट अंडकोशातून मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी बघतो. मधोमध दोन गोल एकमेकांना चिकटलेले दिसले की फलन झालं. बारा वर्षांनीही ते दोन गोल दिसले की मी क्षणभर हात थांबवतो.

---

तरसाली

इन्क्युबेटर दादा, माझ्या सासूबाई विचारतात, टेस्ट ट्यूबचं मूल आपलंच असतं का? आणि ते धडधाकट असतं का? मला नीट उत्तर देता येत नाही.

---

इन्क्युबेटर

@तरसाली, त्यांना सांगा, अंडं तुमचं, शुक्रजंतू नवऱ्याचे, तर मूल तुमचंच. दुसऱ्याचं वापरायचं झालं तर दोघांच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. प्रत्येक डिशवर, प्रत्येक नळीवर नावं असतात आणि नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना दुसरा माणूस साक्षीला उभा राहून नाव मोठ्याने वाचतो. तुम्ही दवाखाना निवडताना हे विचारा. विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

धडधाकटपणाबद्दल त्यांना टेस्ट ट्यूब बेबी हर्षाची गोष्ट सांगा. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ती जन्मली. २०१६मध्ये ती स्वतः आई झाली. त्याच्याही आधी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली होती, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राउन, हिच्यानंतर सत्तर दिवसांनी. डॉक्टरांच्या हयातीत त्यांच्या कामावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ साली त्यांनी जीव दिला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

---

अकोट्याचा

पहिल्यांदाच लिहितोय. पुरुषांनी वाचावं म्हणून.

वय ३२. जिममध्ये जायचो, ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली, दीड वर्ष घेतली. छाती भरली, दाढी दाट झाली. इकडे बायकोला दिवस राहत नव्हते. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य. मी लॅबवाल्याशी भांडलो की डबी बदलली असणार. दुसऱ्या लॅबमध्येही शून्य.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बाहेरून हे हार्मोन मिळालं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे. तो अंडकोशाला हुकूम देणं बंद करतो आणि शुक्रजंतूंचं काम बसून जातं. मर्दानगीसाठी घेतलेलं इंजेक्शन नेमकं बाप होणं बंद करतं. इंजेक्शन थांबवलं, दुसरी औषधं सुरू झाली. चार महिन्यांनी शून्य, सात महिन्यांनी दोन लाख, अकरा महिन्यांनी एक कोटी दहा लाख. सगळ्यांचं असं परत येतं असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्या अकरा महिन्यांत बायकोने एकदाही बोलून दाखवलं नाही. तिच्या आईने विचारलं तर म्हणायची, "आम्हीच थांबलोय."

एप्रिलमध्ये गोड बातमी आहे. जिममधल्या प्रत्येक पोराला मी आता हे सांगतो.

---

पोळीभाजी

अकोट्याचा, मनापासून अभिनंदन! वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

---

खंडेरावमार्केट

टीबीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला कधी खोकला झाला नाही, वजन घटलं नाही. कॉलेजात मानेला गाठ आली होती तेवढीच. नळ्यांचा एक्स-रे काढला तर दोन्ही नळ्या टोकाला बंद आणि पाण्याने फुगलेल्या. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून टीबीच निघाला. गर्भाशयाचा टीबी वर्षानुवर्षं काहीच न दाखवता आत बसतो, कधीकधी मूल न होणं एवढीच त्याची खूण असते. आपल्या देशात तो फार दुर्मीळ नाही.

सहा महिने औषधं घेतली. आजार बरा झाला, पण बंद झालेल्या नळ्या उघडल्या नाहीत. म्हणून आयव्हीएफ. त्याआधी डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळ्यांना क्लिप लावून त्या गर्भाशयापासून तोडल्या, कारण ते साठलेलं पाणी आत झिरपून गर्भ रुजू देत नाही. मला ते फार जड गेलं. नळ्या बंद करायच्या म्हणजे आपोआप दिवस राहण्याची उरलीसुरली आशाही बंद. आत्याने सांगितलं, "रस्ता आधीच बंद आहे बाळा, आता फक्त पाटी लावायची." मुलगा आता पाच वर्षांचा आहे.

डॉक्टरांना मानेच्या गाठीबद्दल पहिल्या भेटीतच सांगायला हवं होतं. मी तीन वर्षांनी सांगितलं, अशी गाठही टीबीची असू शकते हे मला माहीतच नव्हतं.

---

शुभदा_नवापुरा

रक्तातला एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा आकडा) १.१ आलाय, वय ३१. डॉक्टर म्हणतात लगेच आयव्हीएफ करा, नाहीतर अंडी संपतील. शिवाय पॅकेजमध्ये गर्भाशयाचं स्क्रॅचिंग (अस्तर खरवडणं), इंट्रालिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रव) आणि भ्रूणाची जनुकीय चाचणी धरली आहे. लग्नाला चौदा महिने. मी फार घाबरले आहे.

---

इन्क्युबेटर

@शुभदा, आधी पाणी प्या. एएमएच अंड्यांचा साठा किती ते सांगतं, अंडं चांगलं की वाईट ते सांगत नाही. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हेही त्यावरून ठरत नाही. इंजेक्शनं दिली तर किती अंडी मिळतील, याचा अंदाज मात्र चांगला येतो. एकतिसाव्या वर्षी अंडी थोडी असली तरी ती एकतीस वर्षांचीच असतात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. नवऱ्याचा रिपोर्ट आणि तुमच्या नळ्या तपासल्या का? नसतील तर आधी ते. मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वेळ दवडू नका, पण घाबरून सहीही करू नका.

पॅकेजमधल्या जादा गोष्टींबद्दल: युरोपातल्या तज्ज्ञांच्या ईश्रे या संस्थेने २०२३मध्ये ह्या जादा उपचारांचा आढावा घेतला आणि बहुतेकांची सरसकट शिफारस करण्याजोगा पुरावा नाही असं सांगितलं. प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न विचारा: "हे माझ्या कोणत्या रिपोर्टमुळे?" उत्तर तुमच्या फाइलमधून आलं पाहिजे.

---

कमाटीबागसकाळ

वय ६१, इथल्या पिढीचा मी नव्हे, पण वाचत आलो. माझ्या मुलीने आणि जावयांनी तीन आयव्हीएफनंतर थांबायचं ठरवलं. थांबणं हाही एक निर्णय असतो, डॉक्टर तो क्वचितच सुचवतात. दत्तकासाठी केंद्र सरकारच्या कारा संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केली. लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या आत हवी. उपचारांत वर्षं घालवताना ही बेरीजही डोक्यात ठेवा. घरी समाजसेविका आल्या, सगळ्यांशी बोलल्या, माझ्याशीही. वाट पाहणं लांबलं, तीन वर्षांच्या वर. नात आली तेव्हा आठ महिन्यांची होती.

माझ्या धाकट्या बहिणीने तेव्हा विचारलं होतं, "रक्ताचं नाही, जीव लागेल का?" मी तिला म्हटलं, ज्या गावात राहतेस त्या गावाकडे बघ. कवळाण्याचे गोपाळराव बारा वर्षांचे होते, २७ मे १८७५ला बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव झाले. दवाखाना, कॉलेज, ही बाग जिथे मी रोज सकाळी चालतो, हे सगळं त्या दत्तक मुलाने उभं केलं. बहीण गप्प झाली. आता नातीला गोष्टी तीच सांगते.

---

तरसाली

काका, डोळे भरून आले.

सरोगसीबद्दल, म्हणजे दुसऱ्या बाईने आपलं मूल पोटात वाढवण्याबद्दल, कुणाला माहीत आहे का? माझ्या मावसबहिणीचं गर्भाशय काढावं लागलं. कुणीतरी म्हणतं आणंदला जा, पैसे दिले की होतं.

---

इन्क्युबेटर

ते आता होत नाही. एकेकाळी आणंद ह्यासाठी जगभर ओळखलं जायचं, परदेशातून जोडपी यायची. २०२१चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२पासून लागू झाला आणि पैसे देऊन सरोगसी बंद झाली. सरोगेटचा वैद्यकीय खर्च आणि विमा एवढंच देता येतं. ती २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. मूल हवं असलेल्या जोडप्यात बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५. गर्भाशय नसणं हे वैद्यकीय कारण कायद्यात बसतं, त्यामुळे बहिणीला कायदेशीर मार्ग आहे. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिरा.

आयव्हीएफलाही वेगळा कायदा आहे, त्यात बायकोची मर्यादा ५० आणि नवऱ्याची ५५. क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र बघायला मागा. आणि मुलगा की मुलगी हे निवडून देतो असं कुणी म्हणालं तर तो सरळ गुन्हा आहे.

---

पोळीभाजी

ताई, इंजेक्शनं फार दुखतात का? आणि घरच्यांना सांगितलं होतंत का? माझी सगळ्यात मोठी भीती ती आहे.

---

दांडियाबाजारची

@पोळीभाजी, इंजेक्शनची सुई इन्सुलिनसारखी बारीक असते, पोटाला टोचायची. दहा-अकरा दिवस, रोज ठरल्या वेळी. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, चौथ्या दिवसापासून मी स्वतः घ्यायला लागले. दुखण्यापेक्षा पोट फुगल्याचा त्रास जास्त. मला पीसीओडी असल्याने अंडी खूप आली, एकोणीस. अशा वेळी पोटात पाणी होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्या महिन्यात ट्रान्सफर केलंच नाही, सगळे भ्रूण गोठवून ठेवले. तेव्हा मी रडले होते. आज वाटतं, त्यांनी मला सांभाळलं. पीसीओडी असेल तर हा विषय डॉक्टरांकडे आधीच काढा.

घरच्यांबद्दल. सासूबाईंना आम्ही सांगितलं नव्हतं. २०२२ची नवरात्र होती, दोन वर्षांनी गरबा परत आलेला, सगळं गाव रस्त्यावर. शेवटचं इंजेक्शन, ज्याने अंडी पिकतात, ते रात्री बरोबर साडेनऊला घ्यायचं होतं. त्यानंतर पस्तीस तासांनी अंडी काढायची, त्यामुळे पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालणार नाही असं बजावलेलं. नवरा कारखान्यातून निघाला तो गर्दीत अडकला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली. मी स्वयंपाकघरात ओट्यावर बर्फाची पिशवी, सिरिंज, कापूस मांडून उभी. ह्या इंजेक्शनची पावडर पाण्यात मिसळायची होती, ते काम तो करायचा, मला भीती वाटत होती की चुकेल. बाहेर पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, गरबा सुरू, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. चष्मा लावला, हात साबणाने धुतले आणि म्हणाल्या, "वाच कागदावर काय लिहिलंय ते. मी करते." मी वाचत गेले, त्या करत गेल्या. साडेनऊला त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरून "आता" म्हटलं.

नंतर कळलं, त्यांना वर्षभरापासून माहीत होतं. फ्रिजच्या दारात लोण्याच्या डब्यामागे ठेवलेली खोकी त्यांनी कधीच पाहिली होती आणि लाइट गेली की मी घरी नसताना त्या त्यांवर बर्फ ठेवायच्या.

सगळ्या सासवा अशा नसतात, मला माहीत आहे. म्हणून सांगा असं मी म्हणत नाही. पण नवऱ्याचा रिपोर्ट कमी असेल तर बोलणी तुम्ही एकटीने खाऊ नका. कुणाला किती सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा, आणि कुणी टोचून बोललं तर उत्तर त्याने द्यावं.

---

शुभदा_नवापुरा

ट्रान्सफरनंतर झोपून राहायचं का? आणि पहिलं फसलं तेव्हा काय केलंत?

---

दांडियाबाजारची

झोपून राहायची गरज नाही, मला दुसऱ्या दिवशीपासून घरात सगळं करायला सांगितलं होतं. जड उचलू नका एवढंच. झोपून राहिल्याने गर्भ जास्त रुजतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. बाराव्या-चौदाव्या दिवशी रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ रुजला का ते सांगणारी तपासणी होते, तिचाच निकाल धरा. घरी पट्टीवर रोज बघत बसू नका, मन पार दमून जातं.

पहिलं फसलं तो डिसेंबर होता. बीटा दोनच्या आत आली, म्हणजे गर्भ रुजलाच नव्हता. मी आठ दिवस कुणाचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी नवरा म्हणाला चल, आणि सुरसागर तलावाच्या काठावर नेऊन बसवलं. थंडीत दोघं दीड तास बसलो, महादेवाच्या मूर्तीकडे बघत. काहीच बोललो नाही. मार्चमध्ये पुन्हा केलं. पस्तिशीच्या आतल्यांनाही प्रत्येक खेपेला लागतंच असं नाही, हे मला पहिल्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी तिला अपयश म्हटलं नसतं.

खर्च विचारलाय बऱ्याच जणांनी खासगी निरोप पाठवून. अंडी काढण्यापासून पहिल्या ट्रान्सफरपर्यंत औषधांसकट एक लाख नव्वद हजार, दुसऱ्या ट्रान्सफरचे वेगळे पंचेचाळीस हजार. विम्याने काही दिलं नाही. त्याआधीच्या अडीच वर्षांत माझ्या एकटीच्या तपासण्यांवर किती गेले, तो हिशोब मी केलेला नाही.

---

दांडियाबाजारची

सुरुवातीला लिहिलेल्या नणंदेचं पुढे काय झालं ते लिहिते. तिच्या नवऱ्याने परवा नमुना दिला, स्वतः गेला, सुट्टी काढून. रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आहे. तिच्या फाइलमधून मग लक्षात आलं की चार सोनोग्राफ्या झाल्या पण नळ्यांचा एक्स-रे झालेलाच नाही. दुर्बिणीआधी तो करायचं नव्या डॉक्टरांनी ठरवलं आहे. पाळी संपून तीन दिवस झालेत, गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. एक तास आधी दुखण्याची गोळी घे म्हणून सांगितलंय, आणि परतताना गाडी तो चालवणार आहे.